पोलाद थकते, कंडराही थकते. हिशेब मात्र वेगळा

भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ‘फटीग टेस्ट’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. क्रँकशाफ्ट असो की सस्पेन्शनची स्प्रिंग, लाखो वेळा भार देऊन-काढून पाहिल्याशिवाय डिझाइनवर कोणी सही करत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर मुख्यालय आणि चाकणला केंद्र असलेल्या एआरएआयमध्ये वाहनांच्या भागांची अशीच परीक्षा होते. शरीरातील मऊ ऊतींनाही, म्हणजे कंडरा, अस्थिबंध, कूर्चा आणि हृदयाच्या झडपांनाही, अशाच मशिनवर वारंवार भार देऊन तपासतात. पण धातूचे नियम तिथे जसेच्या तसे लावले की गफलत होते.

गैरसमज : मशिन तेच, मग चाचणीही तीच.

वस्तुस्थिती : खरी अडचण नमुना पकडण्यापासूनच सुरू होते. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा ओली आणि निसरडी असते. जबडा सैल राहिला तर ती घसरते, जास्त आवळला तर तिथेच चिरडते. म्हणून काही ठिकाणी जबड्यातला भाग गोठवून धरतात. नमुना सुकला की त्याचा ताठपणा बदलतो. त्यामुळे तो मिठाच्या द्रावणात, शक्यतो 37 अंश सेल्सिअसला ठेवतात. जबडा किती सरकला यावरून ताण काढला, तर घसरणेही ताणात मोजले जाते. त्यापेक्षा नमुन्यावर खुणा करून त्यांच्यातले अंतर कॅमेऱ्याने मोजणे भरवशाचे.

गैरसमज : पहिल्या फेरीतला आलेख हाच खरा गुणधर्म.

वस्तुस्थिती : पहिल्या काही फेऱ्यांत आलेख दर वेळी थोडा सरकतो आणि मग स्थिरावतो. म्हणून मोजणीआधी नमुन्याला काही फेऱ्या देऊन तयार करतात. जैवयांत्रिकीचे अभ्यासक वाय. सी. फंग यांनी या पूर्वतयारीचे महत्त्व ठसवले. मात्र हे स्थिरावणे तेवढ्याच भारापुरते असते. भार वाढवला किंवा नमुन्याला विश्रांती दिली की आलेख पुन्हा बदलतो. म्हणून नमुन्याचा पूर्वेतिहास न सांगता दिलेला आकडा अर्धवट समजावा.

गैरसमज : मऊ म्हणजे कमजोर.

वस्तुस्थिती : साध्या एमएसची ताणशक्ती सुमारे 400 मेगापास्कल असते, तर कंडरेची 100 मेगापास्कलच्या आसपास. पण पोलादाची घनता पाण्याच्या जवळजवळ 7.85 पट आणि कंडरेची जेमतेम 1.1 पट. वजनाच्या मानाने पाहिले तर कंडराच सरस ठरते. तिच्यातले कोलॅजनचे तंतू नागमोडी असतात. आधी ते सरळ होतात, तोवर कंडरा सहज ताणली जाते. त्यानंतर ती एकदम ताठ होते.

गैरसमज : ठराविक भाराखाली कितीही फेऱ्या चालतात.

वस्तुस्थिती : ही समजूत पोलादातून आली. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले, त्यातून ‘एन्ड्युरन्स लिमिट’ची कल्पना रुजली. अ‍ॅल्युमिनियमलासुद्धा अशी स्पष्ट मर्यादा नसते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वॅलाबी या लहान कांगारूसारख्या प्राण्याच्या शेपटीच्या कंडरांवरील प्रयोगांतही ती सापडली नाही. शिवाय नुसता स्थिर भार बराच वेळ ठेवला तरी कंडरा हळूहळू लांबत जाऊन तुटते. म्हणजे किती फेऱ्या झाल्या याबरोबरच भार किती वेळ राहिला, हेही मोजावे लागते.

गैरसमज : वेग वाढवला की चाचणी लवकर उरकते, बाकी काही बदलत नाही.

वस्तुस्थिती : मऊ ऊती भाराच्या वेगाप्रमाणे वागणूक बदलते. गाईच्या हृदयावरणापासून बनवलेल्या कृत्रिम झडपांचे उदाहरण घ्या. मिनिटाला 72 ठोके धरले तर वर्षाला सुमारे 3.8 कोटी ठोके होतात. अशा झडपांसाठी 20 कोटी फेऱ्यांचा, म्हणजे सुमारे पाच वर्षांच्या वापराचा निकष प्रचलित आहे. सेकंदाला 15 फेऱ्या दिल्या तर तो पाच महिन्यांत पुरा होतो. पण त्या वेगातही झडप दर वेळी पूर्ण उघडते-मिटते का, हे तपासलेच पाहिजे. नाहीतर फेऱ्या मोजल्या जातील आणि झीज मोजलीच जाणार नाही.

गैरसमज : मशिनवर जितक्या फेऱ्यांत तुटली, तितक्यातच शरीरातही तुटेल.

वस्तुस्थिती : मशिनवरचा नमुना मृत असतो, जिवंत शरीर दुरुस्ती करत राहते. रासायनिक प्रक्रिया केलेल्या झडपेला ही सोय नाही, म्हणून तिच्यासाठी फेऱ्यांचा आकडा थेट कामाचा. जिवंत कंडरेत दुरुस्ती होते, पण संथपणे. टाचेच्या कंडरेचा गाभा किशोरवयानंतर जवळजवळ बदलत नाही, असे 2013 मधील रेडिओकार्बन अभ्यासात दिसले.

असेंब्ली लाइनवर शिफ्टभर एकाच मनगटाने एकच हालचाल होत असेल, तर ‘वजन कमी आहे’ एवढे उत्तर म्हणूनच पुरत नाही. भार किती, किती वेळा, किती वेळ आणि मध्ये विश्रांती किती, हे चारही प्रश्न विचारावे लागतात. सुपरवायझरने काम आलटूनपालटून द्यावे, आणि कामगाराने रोजचे दुखणे अंगावर न काढता वेळीच डॉक्टरांना दाखवावे.