पूल बांधून झाल्यावर आलेला कर

मंडळी, आजच्या विषयात तीन शब्द येणार आहेत. महसूल हा अरबीतून आला. वसूल, बाकी, जप्ती, कैफियत ही त्याचीच भावंडं. कंत्राट हा पोर्तुगीजांनी दिला. तिसरा शब्द आहे पूर्वलक्षी. हा संस्कृतातून घडवलेला, सरकारी राजपत्रात सापडणारा. तिन्ही एका वाक्यात आले की आमच्या भागातल्या छोट्या कंत्राटदाराची झोप उडते. मी कविता लिहिणारा माणूस, करसल्लागार नव्हे. पण गावात बी. ए. झालेला असलो की लोक इंग्रजी कागद वाचायला आणतात. त्यातून जे कळत गेलं ते सांगतो.

डोळखांब हे शहापूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. भोवती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी यांच्या वाड्या आणि पाडे, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि आजोबाचा डोंगर. तालुक्यात भातसा, तानसा अशी मोठी धरणं आहेत, चोंढ्याला घाटघर वीजप्रकल्पाचं खालचं धरण आहे. ती कामं मोठ्या कंपन्यांची. मी बोलतोय ते मोरी, साकव, शाळेची संरक्षक भिंत, अंगणवाडीची खोली, पाड्यावर जाणारा रस्ता करणाऱ्या माणसांबद्दल. त्यांचं भांडवल म्हणजे एक मिक्सर, एक ट्रॅक्टर, एक विश्वासाचा मुकादम आणि सिमेंटच्या दुकानात असलेली पत.

कंत्राटदार आणि दुकानदार यांच्यात एक फरक आहे. साखरेवर कर वाढला तर दुकानदार उद्याच्या गिऱ्हाइकाकडून तो घेतो. कंत्राटदार आधी दर सांगतो, मग काम मिळवतो, मग बांधतो, आणि शेवटी बिल मागतो. दर सांगितल्यापासून पैसे हाती येईपर्यंत कधी दोन तर कधी तीन पावसाळे जातात. या मधल्या काळात कर बदलला, किंवा मागच्या तारखेपासून लागला, तर तो कोणाकडून घ्यायचा? साकव बांधून झालेला असतो, लोक त्यावरून जात-येत असतात.

एक हिशेब मांडतो. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बांधकामांवर वस्तू आणि सेवा कर १२ टक्के होता, तो १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के झाला. समजा, एखाद्याने २०२१ मध्ये १० लाखांचं काम करासकट ११ लाख २० हजारांना घेतलं आणि बिल २०२२ च्या दिवाळीत निघालं. एकूण रक्कम तीच राहिली, तर १८ टक्के कर वजा करता त्याच्या हाती ९ लाख ४९ हजार उरतात. जवळपास ५१ हजार गेले. अशा कामात ८० हजार सुटले तरी माणूस खूश असतो, हे लक्षात घ्या. कायद्याच्या भाषेत हा बदल पूर्वलक्षी नव्हे, तो पुढच्या तारखेपासूनच लागू झाला. पण झालेल्या करारावर तो मागूनच येऊन आदळला. मोठ्या कामांच्या करारात कर वाढल्यास फरक मिळेल असं कलम बहुधा असतं. छोट्या कामाच्या कागदात ते आहे की नाही, हे सही करताना कोण पाहतो?

त्यात बिलातून कपात होतेच. आयकराची एकट्या माणसासाठी एक टक्का, अडीच लाखांवरच्या करारावर वस्तू-सेवा कराची दोन टक्के (ही १ ऑक्टोबर २०१८ पासून), कामगार कल्याणाचा उपकर एक टक्का, गौण खनिजाचं स्वामित्वधन, वर अनामत. आणि बिल एकदा कापलं की पुढच्या महिन्यात कर भरायचा. सरकारकडून पैसे आले नाहीत ही सबब चालत नाही, उशिराला वर्षाला १८ टक्के व्याज. २०२५ मध्ये राज्यभरचे कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले होते, त्यामागे हेही एक दुखणं होतं. ज्या सरकारकडून येणं बाकी, त्याच सरकारचं देणं मात्र वेळेवर.

आता चौकशीची गोष्ट. आमच्या भागातले एक कंत्राटदार २०२३ च्या डिसेंबरात घरी आले. फोन पुढे केला आणि म्हणाले, "भाई, हे जरा वाचून सांगा. लेखापाल म्हणतो गंभीर आहे." ती कारणे दाखवा नोटीस होती, २०१८-१९ सालाची. पोस्टमनने आणलेली नव्हती. कराच्या संकेतस्थळावर ती येऊन पडली होती, आणि कायद्याने तेवढं पुरेसं मानलं जातं. डोळखांबच्या पलीकडे फोनला रेंज यायची तर डांबरी रस्त्यावर यावं लागतं, हे कायद्याला कुठून ठाऊक असणार.

नोटिशीत म्हटलं होतं, तुम्ही ज्या व्यापाऱ्याकडून सळई आणि सिमेंट घेतलं त्याची नोंदणी रद्द झाली आहे, तीही मागच्या तारखेपासून. म्हणजे तुम्ही माल घेतला तेव्हा तो व्यापारी कायद्याच्या नजरेत नव्हताच. तेव्हा त्याला दिलेल्या कराची जी वजावट तुम्ही घेतली, ती परत करा, व्याजासकट.

ही वजावट म्हणजे काय, ते सांगतो. सळई घेताना कंत्राटदार दुकानदाराला कर देतो. स्वतःच्या बिलावर कर भरताना तो आधी दिलेला कर वळता करून घेतो. पण अट अशी की दुकानदाराने तो सरकारात भरलेला असला पाहिजे. आणि नोंदणी पूर्वीच्या तारखेपासून रद्द करण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिलेला आहे. आमच्या या गृहस्थांकडे बिल होतं, पैसे चेकने दिले होते, भिंत आजही उभी आहे. तरी कर दुसऱ्यांदा मागितला गेला. मागणी लाखाच्या वर. १८ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज म्हणजे मुद्दलाच्या नव्वद टक्के.

यात सरकारची बाजू नाही असं नाही. खोटी बिलं विकणारे आहेत. माल न देता फक्त कागद देणारे, त्यावर टक्केवारी घेणारे आहेत आणि ती घेणारे कंत्राटदारही आहेत. खडी-डबर बिनबिलाचं घेऊन नंतर कुठून तरी बिल जुळवायचं, ही रीत आमच्याकडेही चालते. ती मोडायला चौकशी हवीच. माझी तक्रार तिच्या रोखाबद्दल आहे. बोगस व्यापारी पळून गेलेला असतो. सापडतो तो भिंतीजवळ उभा असलेला.

मागच्या तारखेच्या कराचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रसंग मात्र घरांचा. त्याची मुळं जुनी आहेत. १९५८ मध्ये गॅनन डंकर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की इमारत बांधून देण्याचं कंत्राट अखंड असतं, त्यातल्या विटा-सिमेंटची वेगळी 'विक्री' झाली असं मानून विक्रीकर लावता येणार नाही. राज्यांना हे परवडणारं नव्हतं. १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कंत्राटातला माल विकला गेला असं मानायची सोय आली. महाराष्ट्राने १९८९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही केला. पण सदनिका विकणारा बिल्डर हा कंत्राटदार आहे का, हा प्रश्न राहिलाच. २००५ मध्ये कर्नाटकातल्या के. रहेजा प्रकरणात न्यायालय म्हणालं, बांधकाम पूर्ण होण्याआधी करार झाला तर ते कंत्राटच. मग २० जून २००६ पासून महाराष्ट्राने व्हॅटच्या कायद्यात विक्रीची व्याख्या बदलली.

बिल्डर मुंबई उच्च न्यायालयात गेले. खटला वर्षानुवर्षं चालला. तेवढ्यात घरं बांधली गेली, विकली गेली, बहुतेकांनी गिऱ्हाइकाकडून कर घेतलाच नाही. १ एप्रिल २०१० पासूनच्या करारांसाठी सरकारने एक टक्क्याची सोपी योजना आणली. त्याच्या आधीचे करार तसेच लोंबकळत राहिले. १० एप्रिल २०१२ रोजी उच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. २००६ ते २०१० या काळातल्या घरांसाठी करारकिमतीच्या पाच टक्क्यांचा सरधोपट पर्याय होता. बिल्डरांनी खरेदीदारांना पत्रं पाठवायला सुरुवात केली.

कल्याणला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे असंच एक पत्र आलं. घर घेऊन चार वर्षं झालेली, कर्जाचे हप्ते चालू. बारा लाखांच्या करारावर पाच टक्के म्हणजे साठ हजार. ती विचारत होती, "दादा, घर घेताना हे कुणी सांगितलं का?" सांगितलं असतं तर तिने कदाचित घेतलं नसतं, किंवा एक खोली कमी घेतली असती. पूर्वलक्षी कर नेमका हाच हक्क काढून घेतो. पैसे जातात ते जातातच, पण कर ठाऊक असता तर आपण वेगळं ठरवलं असतं, ती संधीच मागे राहते. इकडे सरकार म्हणत होतं, कर बिल्डरवर आहे, त्याने कोणाकडून घ्यायचा ते त्याचं त्याने पाहावं. बिल्डर करारातलं बारीक अक्षरातलं कलम दाखवत होता. २६ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लार्सन अँड टुब्रो प्रकरणात कर कायम ठेवला, पण करार झाल्यानंतर जो माल वापरला त्याच्यावरच तो लागेल असं सांगितलं. मग जानेवारी २०१४ मध्ये नियम पुन्हा दुरुस्त झाले आणि काम कोणत्या टप्प्यावर असताना करार झाला त्याप्रमाणे आकारणी ठरली. आठ वर्षं गेली होती.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. व्होडाफोनने जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला, आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर कायदा १९६२ पासून बदलून तो निकाल निष्प्रभ केला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारताविरुद्ध निर्णय दिला, २०२१ मध्ये संसदेने ती तरतूद मागे घेतली. त्यांच्याकडे लवाद होता. साकव बांधणाऱ्याकडे शहापूरचा लेखापाल असतो.

हे चालतं कसं, असं तुम्ही विचाराल. घटनेच्या विसाव्या कलमाने मागच्या तारखेपासून गुन्हा ठरवून शिक्षा करायला बंदी आहे, करावर तशी बंदी नाही. कायदेमंडळ मागच्या तारखेपासून कर लावू शकतं. तो फारच जाचक असेल तरच न्यायालय हात घालतं. १४ ऑगस्ट २०२४ रोजी खनिजांवरच्या कराबाबत सर्वोच्च न्यायालयानेच राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनची वसुली करायला मोकळीक दिली. बारा वर्षांचे हप्ते आणि निकालाआधीच्या काळाच्या व्याज-दंडाची माफी, एवढी सवलत जोडली.

मागे पाहणारा कायदा कधी कधी दयाळूही असतो, हे सांगायला हवं. २०२४ च्या दुरुस्तीने २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांची उशिरा घेतलेली वजावट मागच्या तारखेपासून वैध ठरवली. पहिल्या तीन वर्षांच्या काही मागण्यांवरचं व्याज आणि दंडही माफ झाला, मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरला तर. अट एक होती, अपील असेल तर ते मागे घ्यायचं. आमच्या गृहस्थांचं अपील होतं. एका बाजूला कायद्याने लढायचा हक्क, दुसऱ्या बाजूला नव्वद टक्के व्याज. त्यांनी अपील मागे घेतलं आणि तोच कर पुन्हा भरला. त्या वर्षी त्यांनी नवी निविदा भरली नाही. त्यांच्याकडचे गवंडी आणि बिगारी कामासाठी भिवंडीकडे गेले.

या धंद्यात असणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. वस्तू-सेवा कराचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. बिलाबरोबर वजनकाट्याची पावती, गाडीचा नंबर, ई-वे बिल, बँकेचा उतारा आणि मोजमाप पुस्तकाची प्रत ठेवावी. माल खरोखर आला हे त्यातूनच दाखवता येतं. निविदेवर सही करण्याआधी कर वाढला तर फरक कोण देणार, ते कलम लेखापालाला शोधायला लावा. आणि महिन्यातून दोनदा तरी संकेतस्थळ उघडून पाहा. आदेश निघाला की अपिलाला तीन महिने मिळतात, आणि वादातल्या कराचा दहावा हिस्सा आधी भरावा लागतो.