पेसाहची शेगडी

सण
• पेसाह (वल्हांडण) : ज्यू सण, इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेचं स्मरण. हिब्रू निसान महिन्याच्या 15 तारखेपासून, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये.
• कालावधी : इस्रायलमध्ये 7 दिवस, बाहेर परंपरेने 8.

हामेत्स म्हणजे काय?
• गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट ही पाच धान्यं पाण्याशी मिसळून आंबली की हामेत्स. मर्यादा 18 मिनिटांची.
• सणात हामेत्स खाणं आणि घरात बाळगणं, दोन्ही वर्ज्य.
• मात्सा : 18 मिनिटांच्या आत भाजलेली बिनखमिराची पोळी.

शेगडीची तयारी
• हामेत्सचा अंश राहू नये म्हणून आधी खरकटं आणि तेलकटपणा घासून काढतात. मग सहसा 24 तास शेगडी वापरत नाहीत.
• लोखंडी स्टँड : आगीवर कडक तापवतात. ही रीत ‘लिबून’.
• बर्नरभोवतीचा पत्रा : जाड फॉइलने झाकतात, बर्नरची छिद्रं आणि हवेची वाट मोकळी ठेवतात.
• उकडण्या-शिजवण्याची धातूची भांडी : उकळत्या पाण्यात बुडवतात. ही ‘हगाला’.
• मातीची भांडी : हगाला चालत नाही, सणभर बाजूला ठेवतात.

महाराष्ट्रात
• बेने इस्राएल (इथला ज्यू समाज) : मूळ वस्ती कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, नंतर मुंबई, ठाणे, पुणे. मातृभाषा मराठी.
• त्यांना पेसाहमध्ये भात चालतो. अश्केनाझी (युरोपीय ज्यू) परंपरेत भात आणि कडधान्यं वर्ज्य.
• मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) : 1796, सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलेलं.
• हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक) मराठी भाषांतरासह : मुंबई 1846, पुणे 1874. पुण्याच्या आवृत्तीत मात्सा बनवणाऱ्या स्त्रियांची चित्रं.
• राज्यात ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा : 2016.