काळी मखमल, उलटी लव!

ऑफिसच्या अ‍ॅन्युअल पार्टीसाठी मी काळ्या व्हेल्वेटचा गाऊन शिवून घेतला. अर्धा पगार गेला! ट्रायलला सगळं झकास. पण पार्टीत दिव्यांखाली उभी राहिले आणि मैत्रीण म्हणाली, ‘अगं, डावी बाजू फिकी का दिसतेय?’

टेलरने एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा कापला होता. मखमलीला लव असते. ती वरच्या दिशेने असेल तर काळा रंग गडद दिसतो, खालच्या दिशेने असेल तर जरा उजळ, चमकदार. म्हणून आता आधी कापडावरून हात फिरवते. खरखरीत लागलं की समजायचं, हात लवीच्या उलट चाललाय. कुठलीही दिशा निवडा, पण सगळे तुकडे एकाच दिशेने कापायला सांगा. रेडिमेड घेताय? मग दुकानाबाहेरच्या उजेडात बघाच.

दागिने? कमीच. सार्जंटच्या १८८४ च्या ‘मादाम एक्स’ चित्रातल्या काळ्या गाऊनवर खांद्याचे पट्टेच तेवढे चमकतात, गळा मोकळा! आणि इस्त्री अजिबात नको, लव चपटी होते. नुसती वाफ द्या, तीही आतून.

त्या पार्टीच्या प्रत्येक फोटोत मी उजवी बाजू पुढे करून उभी आहे.