मेलसाठी वेगळी खिडकी

मागील सत्रात शिष्यवृत्तीच्या अर्जाबाबतचा एक मेल आमच्या कार्यालयात दोन दिवस न वाचलेला राहिला. क्रोममध्ये पंधरा पाने उघडी, त्यात जीमेल कुठे दडले ते कळलेच नाही. अर्ज कसाबसा वेळेत गेला. चूक आमचीच. तेव्हापासून आम्ही जीमेलला संगणकावर स्वतंत्र खिडकी दिली आहे. पालकांनीही हे करून पाहावे.

क्रोममध्ये जीमेल उघडावे. उजवीकडे वर तीन ठिपके दिसतात, त्यांवर क्लिक करून 'कास्ट, सेव्ह अँड शेअर' मध्ये 'इन्स्टॉल' निवडावे. झाले! आता चिन्हावर क्लिक करताच जीमेल आपल्या खिडकीत एकटेच उघडते. कल्पना जुनीच आहे. मोझिलाने २००७ मध्ये 'प्रिझम' नावाने असा प्रयोग केला होता, तो पुढे बंद पडला.

मात्र हे वेगळे सॉफ्टवेअर नव्हे, आतून क्रोमच चालते. इंटरनेट गेले की नवीन मेल येत नाहीत. जुने वाचता यावेत म्हणून जीमेलच्या सेटिंगमध्ये 'ऑफलाइन' सुरू करता येते. मग ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल संगणकातच साठतात.

येथेच सावध राहावे. घरात संगणक एक आणि वापरणारे ताई, दादा, काका असे सर्व असतील, तर चिन्हावर क्लिक करणाऱ्या कोणालाही आपले मेल दिसतात. प्रत्येकाचे विंडोज खाते वेगळे करावे. सायबर कॅफेत हा प्रयोग मुळीच करू नये. खिडकी नको झाल्यास तिच्याच तीन ठिपक्यांतून 'अनइन्स्टॉल' करावे; मेल गूगलकडे तसेच राहतात.