नव्या कादंबरीतला नायक ओळखायचा कसा?

गटाच्या पुस्तकपेटीत गेल्या महिन्यात नवी पुस्तकं आली आणि त्यातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या सगळ्यांत आधी उचलल्या गेल्या. पासबुकाच्या पिशवीत घालून बायका त्या घरी नेतात, आणि परत आणल्या की दुसरी विचारते, "हिरो कसा आहे गं?" उत्तरही ठरलेलं. उंच आहे, डोळे पाणीदार आहेत, रागीट आहे पण मनाचा चांगला आहे.

आज आम्हाला या शेवटच्या वाक्यावरच बोलायचं आहे. कारण ‘रागीट आहे पण मनाचा चांगला आहे’ हे आम्ही पुस्तकाबाहेरही फार ऐकतो. स्थळ बघून आलेली माणसं ते सांगतात. आणि माहेरी परत आलेल्या लेकीला पुन्हा सासरी धाडतानाही तेच सांगितलं जातं.

गटात कर्ज मागायला आलेल्या बाईची साडी बघून आपण कर्ज देत नाही. ती बैठकीला येते का, बचत वेळेवर भरते का, मागचा हप्ता थकला तेव्हा तोंड चुकवलं की येऊन सांगितलं, हे बघतो. कादंबरीतल्या नायकाची मात्र आपण साडीच बघतो! लेखकही ते ओळखून असतो. म्हणून पहिल्या प्रकरणात तो नायकाची उंची, कपडे, गाडी, नोकरी सगळं मांडून ठेवतो. त्यात एक गोम असते. नायक आपल्याला थेट दिसत नाही, कुणाच्या तरी डोळ्यांतून दिसतो. नायिका ‘मी’ म्हणून गोष्ट सांगत असेल, तर जे तिला कळलेलं नाही ते आपल्यालाही कळत नाही. ती भाळली की आपणही भाळतो. म्हणून पहिली पन्नास पानं तरी हातचं राखून वाचावीत.

हे नीट कळावं म्हणून आम्ही एक जुनी गोष्ट घेतो. जुनी खरी, पण तीही कधीतरी नवीकोरी होती. इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिन नावाची लेखिका होऊन गेली. तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ च्या जानेवारीत लंडनमध्ये निघाली. पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं, आधीच्या कादंबरीच्या लेखिकेची ही कादंबरी, एवढंच छापलं होतं. तिने हक्क विकले ११० पौंडांना. तिला १५० हवे होते. पापडाच्या पाकिटाला भाव मागताना आपला आवाज खाली जातो, तसंच तिचं झालं असेल असं आम्हाला उगीच वाटतं.

गोष्ट अशी. खेड्यातल्या एका घरात पाच बहिणी. भाऊ नाही. जमीनजुमला असा बांधलेला की वडिलांच्या मागे तो मुलींना मिळायचा नाही, एका दूरच्या चुलतभावाला जायचा. म्हणजे लग्न हाच पोटाचा प्रश्न. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरी सातबाऱ्यावर किती मुलींची नावं लागली ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा या घरातली आईची घालमेल आपल्याला परकी वाटू नये.

दुसरी मुलगी एलिझाबेथ, ही नायिका. गावातल्या नाचाच्या कार्यक्रमात डार्सी नावाचा पाहुणा येतो. उंच, देखणा, वर्षाला दहा हजार पौंडांचं उत्पन्न. अर्धी रात्र सगळं गाव त्याच्याकडे कौतुकाने बघतं. मग तो एलिझाबेथच्या कानावर जाईल अशा बेताने तिच्या रूपाला नावं ठेवतो आणि गावाचं मत फिरतं. त्यानंतर विकहॅम नावाचा तरुण येतो. सैन्यातला, हसरा, गोड बोलणारा. पहिल्याच ओळखीत तो आपल्यावर डार्सीने कसा अन्याय केला ते एलिझाबेथला सांगतो. तिला ते लगेच पटतं. वाचणाऱ्या आपल्यालाही पटतं. इथे थांबून विचारायला हवं, कालच ओळख झालेला माणूस आज आपलं दुःख का सांगतोय? दुसऱ्याची बदनामी करूनच ज्याची ओळख सुरू होते, त्याचा हिशेब दोनदा तपासावा. पुढे कळतं की याच विकहॅमने डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला पळवून नेण्याचा बेत केला होता. तिच्या नावावर तीस हजार पौंड होते, नजर त्यावर होती.

नायक ओळखायची सगळ्यांत पक्की जागा कुठली, असं आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही सांगू, त्याला नायिका ‘नाही’ म्हणते ते पान शोधा.

या कादंबरीत एलिझाबेथ दोन पुरुषांना नकार देते. पहिला तो चुलतभाऊ, कॉलिन्स. तिने स्पष्ट नाही म्हटलं तरी तो हसतो. बायका पहिल्यांदा नाहीच म्हणतात, ही लाजण्याची रीत आहे, असं त्याचं म्हणणं. ती पुन्हा सांगते, तो पुन्हा खूश होतो. लेखिकेने हा प्रसंग विनोदाचा केला आहे. म्हणजे ‘तिच्या नाही मध्येच हो असतं’ या समजुतीची टिंगल दोनशे वर्षांपूर्वीच करून झाली. आपल्या सिनेमांना मात्र अजून ती समजूत सोडवत नाही.

दुसरा नकार डार्सीला. तो मागणी घालतो तीही उपकार केल्यासारखी, तुझ्या घरची माणसं माझ्या तोलामोलाची नाहीत हे ऐकवत. ती चांगलंच सुनावते. आता बघा तो काय करतो. रागावतो, पण निघून जातो. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात एक पत्र देतो, तिने केलेल्या आरोपांना त्यात उत्तरं असतात आणि मागणी पुन्हा घालणार नाही हेही असतं. मग तो तिथून जातो. मागे लागत नाही, तिच्या मैत्रिणींना मध्ये घालत नाही, रस्त्यात अडवत नाही. कितीतरी महिन्यांनी तो पुन्हा विचारतो, तेव्हाही आधी सांगतो की तुझं मन बदललं नसेल तर एका शब्दात सांग, मी हा विषय कायमचा बंद करीन.

हे आम्ही इतकं लांबण लावून सांगतो त्याला कारण आहे. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बारावीला होती. एक मुलगा रोज एसटीच्या थांब्यावर उभा राहायचा, फोन बदलून बदलून मेसेज करायचा. मैत्रिणी तिला म्हणायच्या, नशीबवान आहेस, असा हिरो कुणाला मिळतो! मुलगी घाबरून गप्प झाली. घरी कळलं तेव्हा वडिलांनी कॉलेज बंद करून लग्न उरकायचं ठरवलं, ती अठराची झाली नव्हती तरी. म्हणजे पाठलाग त्याने केला आणि शिक्षण हिचं सुटणार. गटातल्या चौघीजणी वडिलांशी बोलायला गेल्या, मग त्या मुलाच्या घरी गेल्या, आणि पोलिसांत जाऊ हे शांतपणे सांगून आल्या. मुलीने परीक्षा दिली. त्या चौघींतली एक पुढे आम्हाला म्हणाली, "पुस्तकात मागे लागतो त्याला आपण प्रेम म्हणतो, आणि आपल्या पोरीच्या मागे लागला की घाबरतो. असं कसं?"

कायदा याबाबत सरळ आहे. बाई नको म्हणत असताना पुरुषाने तिचा पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. २०१३ पासून तो दंडसंहितेत आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८ आहे. पहिल्यांदा शिक्षा झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. तक्रारीसाठी ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. नव्या कादंबरीतला नायक नायिकेच्या घराखाली रात्रभर उभा राहिला, तर एवढं मनात धरून पुढचं पान उलटा.

दुसरी जागा घरातल्या कामाच्या माणसांची. एलिझाबेथ मामा-मामींबरोबर फिरायला गेलेली असताना डार्सीचा वाडा बघायला जाते. तो घरी नाही असं समजून. तिथली जुनी कारभारीण त्यांना खोल्या दाखवते आणि सांगते की मालक चार वर्षांचे असल्यापासून मी त्यांना बघते, कधी वाकडा शब्द ऐकला नाही. हे प्रकरण आम्ही वाचून दाखवलं तेव्हा तालुक्याला धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आमच्या मैत्रिणी एकदम सरसावून बसल्या. कुणाच्या घरात काय चालतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार! एकीने शंकाही काढली, पगार देणाऱ्याबद्दल ती वाईट कशी बोलेल? शंका रास्त आहे. कादंबरीतले मामाही त्या कौतुकाला हसतातच. पण एलिझाबेथ एका साक्षीवर थांबत नाही. गावात डार्सीचं नाव काय आहे ते तिच्या कानावर येतं: गर्विष्ठ आहे म्हणतात, पण गोरगरिबांचं करतो हेही म्हणतात. तिचे मामा व्यापारी, डार्सीच्या मानाने खालच्या पायरीचे. तेवढ्यात तो स्वतः येऊन ठेपतो आणि या मामांशी अदबीने बोलतो, आपल्या नदीवर मासे धरायला या म्हणतो. तीन बाजूंनी एकच गोष्ट आली, मग ती विचार बदलते. स्थळाची चौकशी करताना आपण मुलाचा पगार विचारून परत येतो. त्याच्याकडे काम करणाऱ्या गड्याशी, त्याच्या वहिनीशी बोललो तर जास्त कळेल.

एलिझाबेथची धाकटी बहीण त्या विकहॅमबरोबर पळून जाते तेव्हा डार्सी लंडनमध्ये त्यांना शोधतो, त्याची कर्जं फेडतो, लग्न लावून देतो, आणि हे तिला कळू नये अशी व्यवस्था करतो. ते तिला दुसऱ्यांकडूनच कळतं. उपकार करून रोज ऐकवणारे नायक नव्या कादंबऱ्यांत पुष्कळ भेटतात, त्यांच्याशेजारी हा ठेवून बघावा.

आता आमची एक तक्रारही सांगतो. या डार्सीवरून पुढे शेकडो नायक बेतले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्याचा फक्त तुसडेपणा उचलला. नायक अपमान करतो, हात पिरगाळतो, नायिका सोसते, आणि तिच्या प्रेमाने तो शेवटच्या प्रकरणात सुधारतो. मूळ गोष्टीत तसं नाही. डार्सी बदलतो तो एलिझाबेथच्या माघारी, ती आपल्याला मिळेल अशी काही आशा नसताना, स्वतःच्या वागण्याचा विचार करून. त्याला सुधारण्याचं काम तिच्या गळ्यात कुणी घातलेलं नाही. दारू सोडवायला, हात उगारणं थांबवायला ‘लग्न करून द्या, बायको येऊन सुधारेल’ असं आपल्या गावात सर्रास म्हणतात. पुस्तकांनी तरी त्याला हातभार लावू नये.

मराठीतला नायक म्हणाल तर आम्हाला हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधला रघुनाथ आठवतो. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येत होती. प्रेमकथा तिला म्हणता येणार नाही, फार दुःखाची गोष्ट आहे. पण बायकोला शिकवणारा, तिच्याशी बरोबरीने बोलणारा नवरा त्या काळच्या वाचणाऱ्या बायकांना किती नवा वाटला असेल! फडक्यांचे नायक त्यानंतरचे. शिकलेले, शहरातले, देखणे. आमच्या बैठकीत त्यांच्याबद्दल पहिला प्रश्न आला तो, "हा करतो काय पोटापाण्याला?"

आणि समजा नायक या सगळ्यात नापास झाला, तरी पुस्तक आवडलं तर? आवडू द्या की. रागीट नायकाची कादंबरी रात्री जागून वाचली म्हणून कुणी बिघडत नाही, आम्हीही वाचतो. फक्त पेटीत परत ठेवताना शेजारणीला सांगताना ‘मनाचा चांगला आहे’ म्हणायचं, तर कुठल्या पानावर, तेही सांगायचं.

एक गोष्ट राहिली. बैठकीतल्या एका आजींनी विचारलं, "लग्न झाल्यावर कसा निघाला तो?" लेखिकेने ते शेवटी दोन ओळींत सांगितलं आहे. एलिझाबेथ लग्नानंतर डार्सीची थट्टा करते, तोंडावर करते, आणि ते ऐकून त्याची लहान बहीण आधी घाबरून जाते. आजवर त्या घरात त्याला कुणी हसलेलं नसतं. मग तिच्या लक्षात येतं की दादाला ते चालतं. आजी म्हणाल्या, "मग ठीक आहे."