अनुदानित वृद्धाश्रम: आधार किती, अडचण कुठे

महाराष्ट्र शासनाने 1995 साली मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. एका आश्रमात 100 जणांची सोय, त्यातल्या निम्म्या जागा निराधारांसाठी मोफत आणि उरलेल्या निम्म्या माफक शुल्कावर, अशी तिची मूळ रचना. प्रवेशाचे वय पुरुषांना 60, स्त्रियांना 55. आश्रम चालवतात स्वयंसेवी संस्था.

धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात याची गरज दसऱ्यानंतर उघड दिसते. तरणी माणसे ऊसतोडीला निघतात आणि म्हातारी आई कुलूपबंद घरांच्या ओळीत एकटी उरते. दळण कोण आणणार, तालुक्याच्या दवाखान्यात कोण नेणार? आश्रमात दोन वेळचे जेवण, औषधपाणी आणि बोलायला समवयस्क मिळतात. हा लाभ मोठा आहे, त्याला कमी लेखू नये.

पण अनुदान वेळेवर आले नाही तर पहिली काटछाट ताटात आणि सेवकांच्या संख्येत होते. अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळायला लागणारे मनुष्यबळ अनेक ठिकाणी नसते. शिवाय गाव सुटते: पार, देऊळ, शेताचा बांध, नात्यागोत्यातली लग्नकार्ये.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र तो उभारण्याची सक्ती राज्यावर नाही. त्याच कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन मुलाच्या नावे केली असेल आणि त्याने अट मोडली, तर ते हस्तांतरणही रद्द होऊ शकते. अट बक्षीसपत्रात लिहून घेतलेली बरी. आश्रमाचा अर्ज भरण्याआधी ही वाट तपासावी.