ठेव ठेवण्याआधी विचारा
सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. अडीनडीला कर्ज मिळते, तसा कारभाराचा जाब विचारण्याचा हक्कही मिळतो. तो वापरतो कोण?

जानेवारी २०२० मध्ये बंगळूरच्या श्री गुरू राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ठेवीदारांना ३५,००० रुपयांहून अधिक काढता येईनात. अनेक निवृत्तांची पुंजी अडकली.

पुढच्याच महिन्यात बँकठेवींच्या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. २०२१ च्या कायदादुरुस्तीने, असे निर्बंध आल्यास विम्याचे पैसे ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली.

मात्र हे कवच सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. म्हणून आधी परवाना विचारा, ताळेबंद पाहा आणि वार्षिक सभा चुकवू नका.